औषधाची परीक्षा आणि रोग्याची साक्ष

घरांत कोणास ताप आला म्हणजे तो उंबरठ्याबाहेर सांगण्यांत कोणासहि संकोच वाटत नाहीं. शेजारी काढा पाठवितात, आप्त समाचारास येतात, आणि ताप उतरला म्हणजे सर्वांचा जीव भांड्यांत पडतो. मनाचा विकार झाला म्हणजे मात्र माजघराचें दार लोटलें जातें. "त्याची प्रकृति जरा बरी नसते," एवढेंच वाक्य बाहेर येतें, आणि घरांतील लहान मुलांस त्या खोलीकडे न जाण्याची ताकीद मिळते. आमच्या पुणें प्रांतीं तर "याला येरवड्यास पोंचवा" हें वाक्य थट्टेंत इतकें रुळलें आहे कीं, ज्याच्या घरीं खरोखरच असा रोगी आहे त्याच्या काळजास तें कसें झोंबत असेल, हा विचारहि बोलणाराच्या मनास शिवत नाहीं. या दाराआडच्या दुःखावर नवें औषध निघालें तर त्याची परीक्षा कशी होते, आणि त्या परीक्षेस आपल्या माणसानें बसावें काय, हा या खेपेचा विषय आहे.

आमचा पिंपरी-चिंचवडचा परिसर औषधांस परका नाहीं. १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी क्षेत्रांतील पहिला औषधांचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें स्थापन झाला. गांवांतील लोक त्यास 'एच्. ए.' याच नांवानें ओळखतात. तेथें तयार होणाऱ्या पेनिसिलिननें आमच्या मनांत औषधाविषयीं एक सरळ कल्पना रुजविली. जंतु हा शत्रु, औषध हें शस्त्र. शत्रु मेला कीं रोग संपला! मनाच्या व मज्जातंतूंच्या विकारांत असा शत्रु बहुधा दाखवितां येत नाहीं. तेथें बिघाड असतो तो आपल्याच मेंदूच्या व्यवहारांत, आणि औषध पोंचतें तें विचार, झोंप, हालचाल व आनंद यांच्या मुळाशीं. म्हणून अशा औषधाची परीक्षाहि अधिक नाजूक असते.

अलीकडे चिंचवडगांवांतील एका सद्गृहस्थांनीं आम्हांस याच बाबतींत सल्ला विचारिला. त्यांचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत टूलरूममध्यें कामास होता. पाळी कधीं दिवसाची, कधीं रात्रीची. दोन वर्षांपूर्वीं, जवळ कोणी नसतांना त्यास आवाज ऐकूं येऊं लागले. डॉक्टरांच्या गोळ्यांनीं ते पुष्कळ निवळले, परंतु अंग जड झालें आणि हातास कंप सुटला. पुढें डॉक्टरांनीं सुचविलें कीं, अशा रोग्यांसाठीं एका नव्या औषधाची परीक्षा व्हावयाची आहे. इच्छा असल्यास विचार करावा. घरांत सभा भरली. आजोबा म्हणाले, "माझा नातू कांहीं प्रयोगाचा उंदीर नव्हे." काकूंचें म्हणणें पडलें, "निदान गोळ्यांचा खर्च तरी वांचेल." आणखी एकानें युक्ति काढिली कीं, त्यास कळूं न देतां दुधांतून द्यावें, म्हणजे वादच नको. हीं तिन्ही मतें सांगून सद्गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आपल्याला काय वाटतें?" आम्हीं उलट विचारिलें, "मुलगा काय म्हणतो?" ते क्षणभर थांबले व म्हणाले, "तें विचारावयाचें राहिलेंच."

हें राहून जाणें त्या एका घरापुरतें नाहीं. मोठमोठ्या विद्वानांच्या हातूनहि तें राहून गेलें आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आपल्याच देशांतील एका वनस्पतीच्या इतिहासांत आहे. ती वनस्पति म्हणजे सर्पगंधा.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत उन्माद आणि अपस्मार हे दोन विकार लागोपाठच्या अध्यायांत सांगितले आहेत. हल्लीं ज्यांस मनोविकार व मज्जाविकार म्हणतात ते एकमेकांचे शेजारी आहेत, हें आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. उन्मादावर लोकांनीं जीं मुळें वापरलीं त्यांत सर्पगंधेचें मूळ प्रसिद्ध होतें. बिहारकडे तर तिचें नांवच 'पागल की दवा' असें पडलें. युरोपीय शास्त्रज्ञांनीं सोळाव्या शतकांतील राउवोल्फ नामक जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ तिच्या कुलास 'रौवोल्फिया' हें नांव दिलें.

१९३१ सालीं या मुळाचा आधुनिक परीक्षेंत प्रवेश झाला. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर त्याचा उपयोग होतो असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं मुळांतील अनेक क्षारद्रव्यें वेगळीं काढिलीं, आणि हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ एकास 'अजमलीन' हें नांव दिलें. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० निवडक रोग्यांवर या औषधाचा काय परिणाम झाला, हें १९४९ सालीं इंग्लंडांतील हृद्रोगविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. त्या लेखानें जगाचें लक्ष या मुळाकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्यांतील मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपांत मिळविलें. त्याचेंच नांव रिसर्पीन.

१९५३ सालीं बडोद्यास भरलेल्या वैद्यकपरिषदेंत अहमदाबादचे डॉ. हकीम यांनीं मनोविकारांवरील देशी औषधांसंबंधीं आपला अनुभव मांडिला. १९५४ सालीं अमेरिकेंतील रॉकलंड येथील मनोरुग्णालयांत डॉ. नेथन क्लाइन यांनीं तेथील रोग्यांस हें औषध देऊन त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळीं अशा रुग्णालयांतून शेंकडों रोगी वर्षानुवर्षें कोंडलेले असत. त्यांस शांत करण्याचीं साधनें थोडीं व कठोर होतीं. तेथील एक आख्यायिका अशी सांगतात कीं, औषधाचा गुण प्रथम ध्यानांत आला तो रुग्णालयाच्या कांचा बसविणाऱ्या कारागिराच्या. खिडक्यांच्या कांचा फुटेनाशा झाल्या व त्याचें काम एकाएकीं कमी झालें! १९५७ सालीं वकील व क्लाइन या दोघांसहि लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या मुंबईच्या डॉक्टरांस आणि आपल्या रानांतील मुळास मिळालेल्या या मानाचा अभिमान वाटावा हें योग्यच आहे.

परंतु अभिमानानें डोळे मिटूं नयेत. कांचा फुटत नाहींत यावरून रुग्णालयास सुख झालें, इतकें सिद्ध होतें. कांच फोडणारास सुख झालें काय? तो निवला होता, कीं नुसता हात उचलण्याचें बळ त्याच्या अंगीं उरलें नव्हतें? बाहेरून पाहणारास या दोन अवस्था सारख्याच दिसतात. त्यांतील भेद सांगूं शकेल असा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे स्वतः रोगी.

पुढें काय झालें पाहा. १९५४ मध्यें अमेरिकेंत असें वृत्त आलें कीं, रक्तदाबासाठीं रिसर्पीन मोठ्या मात्रेनें व दीर्घकाळ घेणाऱ्या कांहीं रोग्यांस गाढ खिन्नता येते. लगेच दुसऱ्या वर्षीं लंडनच्या मॉड्सले रुग्णालयांतील डेव्हिस व शेपर्ड या दोघां डॉक्टरांनीं चिंता व खिन्नता यांनीं पीडलेल्या रोग्यांवर पद्धतशीर परीक्षा केली. कोणास रिसर्पीन द्यावयाचें व कोणास औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी द्यावयाची, हें त्यांनीं दैवयोगावर सोंपविलें. निकाल निघाला तो असा कीं, रिसर्पीननें या रोग्यांस गुण येतो. एका बाजूस तें खिन्नता आणतें, दुसऱ्या बाजूस तें खिन्नता घालवितें! दोघांपैकीं परीक्षा अधिक कांटेकोर होती ती लंडनची. परंतु लोकांच्या लक्षांत राहिली ती पहिली वार्ता. पुढील अनेक परीक्षकांनीं असें मत मांडिलें कीं, जीस खिन्नता म्हटलें गेलें ती पुष्कळ ठिकाणीं औषधानें आलेली सुस्ती असावी, अथवा जीमध्यें माणसास एका जागीं बसवत नाहीं व जीव नकोसा होतो अशी आंतली तळमळ असावी. सुस्ती, तळमळ आणि खिन्नता या तीन निराळ्या गोष्टी एका शब्दांत कोंबल्या गेल्या, कारण रोग्यास खोदून विचारणारे थोडे होते.

हें औषध करतें तरी काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशीं सूक्ष्म पिशव्या असतात. एका तंतूचा निरोप दुसऱ्यास पोंचविणारीं द्रव्यें त्यांत साठविलेलीं असतात. डोपामीन व सेरोटोनिन हीं त्यांतील प्रसिद्ध नांवें. शेतांतील धान्य घरीं आणून कणगींत भरावें तशी ही व्यवस्था आहे. रिसर्पीन त्या कणगीचें तोंडच बुजवितें. मग आणलेलें धान्य अंगणांत पडून नासतें, आणि मागणारा दारीं आला म्हणजे कणगी रिकामी निघते. १९५० नंतरच्या दशकांत स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनीं सशांस रिसर्पीन दिलें, तेव्हां ते निश्चल होऊन पडले. नंतर त्यांस लेव्होडोपा हें डोपामिनाचें पूर्वद्रव्य देतांच ते थोड्याच वेळांत पुन्हां हालचाल करूं लागले. हात कांपणें, अंग ताठणें, पावलें अडखळणें हीं कंपवाताचीं लक्षणें डोपामिनाच्या अभावीं होतात, या ज्ञानाचा मार्ग अशा प्रयोगांतून मोकळा झाला, आणि लेव्होडोपा हें त्या रोगाचें मुख्य औषध ठरलें. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. पोरें ज्या खाजकुइलीस भिऊन असतात, तिच्या बियांत हेंच लेव्होडोपा असतें. १९३७ सालीं दामोदरन् व रामस्वामी यांनीं तें त्यांतून वेगळें काढिलें होतें. म्हणजे आपल्या रानांतील एक वनस्पति कणगी रिकामी करणारी, तर दुसरी ती भरणारी! मात्र यावरून कोणीं घरींच चूर्णें कुटूं नयेत. रक्तदाब एकदम उतरविणारें व मेंदूंतील साठा रिकामा करणारें मूळ मात्रेवांचून देणें हा देशाभिमान नव्हे, तो अविचार होय.

रिसर्पीनची कीर्ति फार काळ टिकली नाहीं. क्लोरप्रोमाझीन व त्याच्या मागून आलेलीं औषधें मनोविकारांत पुढें सरसावलीं. तथापि कणगीचें तोंड बंद करण्याची कल्पना मेली नाहीं. तशाच रीतीनें, परंतु कमी काळ काम करणारें टेट्राबेनाझीन हें औषध त्याच दशकांत निघालें. आरंभीं त्याची परीक्षा मनोविकारांवर झाली. त्यास खरी जागा सांपडली ती मात्र हंटिंग्टन रोगांतील अंगविक्षेप आवरण्यांत, आणि अमेरिकेंत त्यासाठीं त्यास मान्यता मिळाली ती २००८ सालीं. उन्मादावरील औषधें पुष्कळ वर्षें घेतल्यानें कांहीं रोग्यांचें तोंड, जीभ व हातपाय आपोआप हालूं लागतात. या व्यथेवर अमेरिकेंत प्रथम मान्यता पावलेलें औषध व्हॅल्बेनाझीन, तें २०१७ सालीं आलें. आणि तें टेट्राबेनाझीनच्याच घराण्यांतील आहे. म्हणजे एका औषधानें लागलेली हालचाल दुसऱ्या औषधानें आवरावी, आणि त्या दुसऱ्याची कल्पना आपल्या सर्पगंधेपासून निघालेली असावी! परीक्षेस बसविलेलें औषध कोणत्या विषयांत उत्तीर्ण होईल हें परीक्षेपूर्वीं सांगतां येत नाहीं. म्हणूनच तर परीक्षा घ्यावयाची.

आतां आजोबांच्या उंदराकडे वळूं. आजोबांचा राग अस्थानीं नाहीं. रोग्यास न विचारतां त्याच्यावर प्रयोग झाल्याचीं उदाहरणें जगांत घडलीं आहेत, आणि त्या अनुभवांतूनच आजचे निर्बंध जन्मास आले आहेत. आपल्या देशांत २०१९ सालचे नवीन औषधें व चिकित्सालयीन परीक्षा यांविषयींचे नियम लागू आहेत. त्यांप्रमाणें परीक्षेस सरकारी परवानगी लागते, आणि शिवाय एका नीतिसमितीची मान्यता लागते. या समितींत निदान सात सभासद असावे लागतात, व डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक यांचाहि समावेश असतो. जूनपासून २००९ सालीं अशी प्रत्येक परीक्षा सार्वजनिक नोंदवहींत नोंदविणें सक्तीचें झालें; ती नोंद कोणासहि पाहतां येते. परीक्षेमुळें इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळावे लागतात, व नियमांप्रमाणें भरपाईहि द्यावी लागते. बसलेल्या रोग्यास वाटेल तेव्हां उठून जाण्याची मोकळीक असते, आणि त्यामुळें त्याच्या नेहमींच्या उपचारांत खंड पडूं नये असा दंडक आहे.

सर्वांत महत्त्वाची ती संमति. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ यानें मनोविकाराच्या रोग्यासंबंधीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, संशोधनांत भाग घेण्यापूर्वीं त्याची स्वतःची, समजून-उमजून व दडपणावांचून दिलेली संमति घेतली पाहिजे. रोगी ती देण्याच्या स्थितींत नसेल व विरोधहि करीत नसेल, तरच त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीची संमति व राज्य प्राधिकरणाची परवानगी, असा दुसरा मार्ग ठेविला आहे. तेव्हां घरांतील कर्त्या पुरुषानें सही केली म्हणजे झालें, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. एकत्र कुटुंबांत मुंजीचा दिवस, जमिनीचा व्यवहार, मुलीचें स्थळ हीं सर्व वडीलधाऱ्यांनीं ठरविण्याची रीत होती. परंतु दुसऱ्याच्या मेंदूवर घरच्या वडिलांचीहि मालकी नाहीं.

दुधांतून औषध देण्याची युक्ति तर पूर्णपणें त्याज्य आहे. परीक्षेच्या औषधाच्या बाबतींत ती बेकायदेशीर आहे, हें एक. तीमुळें साक्षच नाहींशी होते, हें दुसरें. ज्यास आपण कांहीं घेतलें हेंच ठाऊक नाहीं, तो काय झालें हें कसें सांगणार? आणि तिसरें कारण घरगुती आहे. ज्या माणसास अगोदरच वाटतें कीं लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, त्याच्या दुधांत खरोखरच गुपचूप कांहीं मिसळावें, म्हणजे त्याच्या भ्रमास आपणच पुरावा पुरविल्यासारखें होतें. एकदां तें उघडकीस आलें म्हणजे तो घरच्या अन्नावरहि विश्वास ठेवीत नाहीं.

मग काय करावें? आधीं रोग्यास बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें आणि त्याच्यासमोर विचारावें. हें औषध यापूर्वीं किती माणसांस दिलें गेलें आहे? परीक्षा कितव्या पायरीवर आहे? औषध नसलेली गोळी वांट्यास येण्याचा संभव आहे काय, आणि तशी आली तर चालूं उपचारांचें काय होणार? पूर्वीच्या गोळ्या बंद कराव्या लागतील काय? कारण त्या एकाएकीं सोडणें धोक्याचें असतें. रात्रीं-अपरात्रीं त्रास झाला तर कोणास कळवावें? संमतिपत्र मराठींत मागून घ्यावें, त्याची प्रत घरीं ठेवावी, आणि सही त्याच बैठकींत करण्याची घाई करूं नये. खर्च वांचतो एवढ्याच कारणानें 'हो' म्हणूं नये, आणि लोक काय म्हणतील एवढ्याच कारणानें 'नाहीं' म्हणूं नये. परीक्षा चालूं असतां रोगी "मला बसवत नाहीं," "मला कांहींच गोड लागत नाहीं," अथवा "जगावेंसें वाटत नाहीं" असें म्हणाला, तर त्यास हट्टी ठरवूं नये. तेंच वाक्य त्याच घटकेस डॉक्टरांच्या कानांवर घालावें.

चिंचवडच्या त्या तरुणानें संमतिपत्र दोनदां वाचलें असें कळलें. त्याचा पहिला प्रश्न असा होता: "यानें माझ्या हाताचा कंप कमी होईल कीं वाढेल? मला पुन्हां मायक्रोमीटर धरावयाचा आहे." घरांतील एकाहि माणसानें हाताचा विचार केला नव्हता, सर्वांची चिंता त्याच्या रात्रीच्या बोलण्याची होती. घरास शांतता हवी होती, त्यास काम हवें होतें. पुढें त्यानें काय ठरविलें हें येथें सांगण्याचें कारण नाहीं. ठरविलें तें त्यानें, हें पुरें आहे.

तात्पर्य, औषध नवें असो कीं रानांतलें जुनें असो, त्याच्या गुणाची कसोटी घरांतील निःशब्दता ही नव्हे. कांचा न फुटणें ही बरी गोष्ट आहे. परंतु ज्यानें त्या फोडल्या त्याला आतां खिडकींतून बाहेर पाहावेंसें वाटतें काय, हें विचारल्यावांचून परीक्षा पुरी होत नाहीं. सर्पगंधेची तारीफ करणारे आणि तिला दोष देणारे, दोघांनींहि हा प्रश्न उशिरां विचारला. आपण तो आजच, जेवणाच्या पानावर, आपल्या माणसाकडे पाहून विचारावा. त्याचें उत्तर कदाचित् तुटक येईल, कदाचित् पहिल्या दिवशीं येणारहि नाहीं. तरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां विचारावें.